एकट्या र्‍यूला फळीवर जागा नाही

फायटिंग गेममधल्या (दोन लढवय्ये समोरासमोर झुंजतात अशा व्हिडिओ गेममधल्या) पात्रांच्या फिगर्स, म्हणजे हातपाय वळवता येणाऱ्या छोट्या बाहुल्या, जमवायला लागल्यापासून आमच्या घरात एक नियम आहे. एकटा कोणी येणार नाही. ‘स्ट्रीट फायटर’ गेममधला र्‍यू घ्यायचा असेल तर त्याच्यासमोर कोण उभं राहणार हे आधी ठरलं पाहिजे. केन, सगत, गाईल, कोणीही चालेल, पण ठरलं पाहिजे. मग पैसे मोजायचे.

हा नियम काटकसरीतून आलेला नाही. उलट त्यामुळे प्रत्येक खरेदी दुप्पट महाग पडते. सुपरहिरोची फिगर एकटी ठेवली तरी शोभते. छाती पुढे, केप मागे, नजर लांब कुठेतरी, झालं काम. फायटिंग गेममधलं पात्र तसं नसतं. त्याची उभं राहण्याची पद्धत, खांद्याचा कल, मुठीची उंची, सगळं समोरच्याच्या हिशेबानं ठरलेलं असतं. समोरचा काढून घेतला की उरतो तो रिक्षाला हात दाखवणारा इसम.

माझी पिढी नव्वदीच्या शेवटी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वाढली. आमचं पार्लर नाशकातलं. अंधारी खोली, दाराला मळका पडदा, आत मोजकीच मशिनं. एकावर मुस्तफा (जगाच्या लेखी ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, आमच्या लेखी मुस्तफाच), आणि सगळ्यांत जास्त गर्दी ‘द किंग ऑफ फायटर्स 97’वर. एसएनके कंपनीचा 1997 चा गेम. चार बटणं, तीन-तीन जणांचा संघ. नंबर लावायचा तर रुपयाचं नाणं काचेच्या कडेला ठेवायचं. जिंकलेला मशिनवर राहणार, हरलेला उठणार, पुढचं नाणं आत. मी इओरी यागामी घ्यायचो, मावसभाऊ क्यो कुसानागी. गेमच्या कथेप्रमाणे या दोन घराण्यांचं वैर 660 वर्षांचं. आमचं तेवढं जुनं नव्हतं, पण मावशीला विचारलंत तर ती वेगळं सांगेल.

पुढे मावसभाऊ नोकरीनिमित्त जपानला गेला. एकदा टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेमधून त्याचा फोटो आला. ही एक जुनी बाजारपेठेची इमारत आहे. तिथे मांदाराके या जुन्या कॉमिक्स आणि खेळण्यांच्या दुकानाची छोटी छोटी दालनं वेगवेगळ्या मजल्यांवर पसरली आहेत. फोटोत काचेचं कपाट, कपाटात इओरीचा खोका, आणि खाली मेसेज: “तुझा माणूस. आणू का?”

मी लिहिलं, “क्यो आहे का?”

“तुला इओरी पाहिजे की क्यो?”

“दोघं असतील तरच.”

बराच वेळ उत्तर नाही. मग दुसऱ्या दालनातून दुसरा फोटो. क्योचा खोका, एक कोपरा चेपलेला, म्हणून किंमत थोडी उतरलेली. दोघेही स्टॉर्म कलेक्टिबल्स या फिगर बनवणाऱ्या कंपनीचे. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेतल्या कपड्यांच्या घड्यांमधून ही जोडी माझ्या घरी पोचली.

चेपलेल्या कोपऱ्याबद्दल सांगायचं तर जपानी सेकंडहँड बाजाराची ही बाजू मला फार आवडते. अमीअमीसारख्या दुकानात जुन्या फिगरला दोन दर्जे दिलेले असतात, वस्तूचा वेगळा आणि खोक्याचा वेगळा. वस्तू ‘ए’ आणि खोका ‘बी’ असं दिसलं की मी लगेच पुढे सरसावतो. खोक्याच्या कोपऱ्याची किंमत देण्यात मला रस नाही. मावसभावाला आहे, पण तो विषय पुढे येईलच.

जोडी लावायची म्हटल्यावर पहिली अडचण येते मापाची. माझी सगळी फळी 1/12 मापाची, म्हणजे ज्याला ढोबळमानानं सहा इंची म्हणतात ती. र्‍यूची उंची ‘स्ट्रीट फायटर’ काढणाऱ्या कॅपकॉमनं 175 सेंटिमीटर सांगितली आहे. बारानं भागलं की साडेचौदा. त्याच गेममधला पैलवान झँगीफ 214 सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ 18. हा सव्वातीन सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण दोघं समोरासमोर आले की र्‍यूला मान वर करावी लागते, आणि ती करायला लागलीच पाहिजे. गंमत उंचीच्या फरकात आहे. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांचं माप मिसळताना मी फूटपट्टी घेऊन बसतो. मॅकफार्लेन टॉइजनं 2019 पासून मॉर्टल कोम्बॅट 11 या फायटिंग गेमची पात्रं काढली. काम देखणं, पण ती सात इंची. त्यातला स्कॉर्पियन त्याच गेममधल्या, पण सहा इंची सब-झिरोसमोर ठेवला तर सामना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. मी तो घेतला नाही.

कंपन्यांचे स्वभावही निराळे आहेत. बँडाईच्या एस. एच. फिगुआर्ट्स मालिकेतला स्ट्रीट फायटर हातात घेतला की सांधे लोण्यासारखे फिरतात, पण अंगानं पात्रं किंचित सडपातळ वाटतात. स्टॉर्मची फिगर भरीव, सोबत जादा चेहरे, पंजे आणि आगीचे तुकडे भरपूर, आणि किंमत 80 डॉलरच्या आसपास असायची. मग 2023 मध्ये जेडा टॉइज आली. ही मुळात डायकास्ट, म्हणजे धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी ओळखली जाणारी अमेरिकन कंपनी. तिनं स्ट्रीट फायटर 2 ची मालिका सुरू केली. पहिल्या फेरीत र्‍यू, चुन-ली आणि फेई लाँग, किंमत तेव्हा सुमारे 25 डॉलर. पंचविसात इतकी चांगली फिगर निघू शकते म्हटल्यावर संग्राहकांमध्ये खळबळ उडाली. माझ्यासारख्या जोडीवाल्याला तर लॉटरीच. एका स्टॉर्मच्या पैशांत दोघं उभे राहायचे आणि वर कुरिअरलाही काही उरायचं.

सुरुवातीची उदाहरणं बघितली की आज आपण किती सुखात आहोत ते कळतं. 1993 मध्ये हॅस्ब्रोनं स्ट्रीट फायटर 2 ची पात्रं जी.आय. जो या पावणेचार इंची सैनिक बाहुल्यांच्या मालिकेतच काढली. जुने साचे, जुने हातपाय, त्यावर र्‍यूचं नाहीतर केनचं डोकं, आणि सोबत जी.आय. जोच्या गोदामातली शस्त्रं. ज्या माणसाची अख्खी ओळख रिकाम्या हातांनी लढणारा अशी, त्याला हत्यार! आपल्याकडे गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलनं काढलेले जी.आय. जो ज्यांनी खेळले असतील त्यांना ती बांधणी आठवेल. कमरेत एक रबराची रिंग, ती तुटली की माणूस मधूनच दोन तुकडे. त्या सांध्यांवर हादोकेनची, म्हणजे दोन्ही पंजांतून ऊर्जेचा गोळा सोडण्याच्या डावाची, बैठक जमणं शक्यच नव्हतं.

स्ट्रीट फायटरमधल्या नावांचा एक सापळा मात्र आजही कायम आहे. जपानमध्ये जो बॉक्सर एम. बायसन आहे, तो बाहेरच्या जगात बॅलरॉग झाला. पंजेवाला स्पॅनिश बॅलरॉग तो व्हेगा झाला, आणि लाल गणवेशातला हुकूमशहा व्हेगा तो एम. बायसन. बॉक्सर माइक टायसनची आठवण करून देत होता, म्हणून ही अदलाबदल. जपानी दुकानातून मागवताना नाव नाही, फोटो बघायचा. मावसभावाला यादी पाठवतो तेव्हा मी नावासोबत ‘टोपीवाला’, ‘मुखवटेवाला’, ‘ग्लोव्ह्जवाला’ असं लिहितो. त्याचा गोंधळ कधी झाला नाही.

आता जकात. हा भाग कंटाळवाणा आहे, पण याच्याशिवाय भारतात हा छंद होत नाही. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून थेट 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्यामुळे दुकानदारानं अशा फिगर्स रीतसर आयात करून विकणं जवळपास थांबलं. उरतो तो स्वतःच्या वापरासाठी मागवण्याचा रस्ता. मी 2022 मध्ये मागवलं तेव्हा त्याचा हिशेब असा होता: मूळ शुल्क 35 टक्के, त्यावर अधिभार, मग सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), मिळून 77.28 टक्के. वाहतूक धरून सहा हजारांची वस्तू असेल तर चार हजार सहाशेच्या वर नुसतं शुल्क. दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी दर वेळी नव्यानं बघायचे. “मित्रानं भेट पाठवली असं लिहू या की” असं सुचवणारे खूप भेटतात. डिसेंबर 2019 मध्ये तीही वाट बंद झाली. तेव्हापासून पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या भेटींमध्ये सवलत उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. चुन-लीच्या मनगटाला राखी बांधून पाठवता येते का, असं बायकोनं विचारलं होतं.

एका कुरिअर कंपनीकडे माझं पार्सल अडकलं तेव्हा आधार कार्डाची प्रत गेली, बिल गेलं, तरी फोन येतच राहिले. वस्तू नक्की काय, असा प्रश्न होता. मी सांगितलं, “प्लास्टिकची छोटी मूर्ती, संग्रहासाठी.”

“देवाची आहे का सर?”

“नाही.”

“मग कोणाची?”

“चिनी पोलीस अधिकारी आहेत बाई.” ही माहिती शंभर टक्के खरी होती. स्ट्रीट फायटर 2 मध्ये चुन-ली इंटरपोलमध्येच आहे. पार्सल नंतर सुटलं. या उत्तरामुळे की त्याच्याशिवाय, ते कुरिअरवाल्यालाच ठाऊक.

बॅगेतून आणण्यासारखं सुख नाही. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला 2016 च्या बॅगेज नियमांनी 50,000 रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट दिली होती, आणि दोन फिगर त्यात सहज बसायच्या. म्हणून माझ्या खरेदीचं वेळापत्रक मावसभावाच्या रजेवर चालतं. कंपन्यांच्या प्रीऑर्डरचंही तसंच. आज नोंदवलं की वस्तू हातात यायला वर्षही जातं, आणि मध्ये तारीख पुढे ढकलल्याचा मेल येतो. इथे जोडीच्या नियमाचा त्रास होतो. एक जण वेळेवर येतो, दुसऱ्याची तारीख पुढे जाते. असा एकटा आलेला गडी खोक्यातच राहतो. बायको म्हणते, “अरे, निदान बघ तरी उघडून.” उघडत नाही.

नकली माल हा वेगळाच प्रांत आहे. मुंबईच्या खेळण्यांच्या घाऊक गल्ल्यांत, ऑनलाइन, सगळीकडे तो मिळतो, आणि फोटोत तो ओळखू येत नाही, कारण फोटो अस्सल मालाचाच लावलेला असतो. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं असा र्‍यू आणला होता. त्यानं मला दाखवला आणि मी माझा शेजारी ठेवला. पहिला फरक नाकाला कळतो. नकली खोका उघडला की रॉकेलसारखा उग्र वास येतो आणि तो जाता जात नाही. मग डोळे. अस्सल फिगरचे डोळे छापलेले असतात, बुबुळाची कड धारदार असते. नकलीत एक डोळा जरा वर, एक जरा बाहेर, आणि लढवय्या माणूस कायमचा भांबावलेला. भुवयांचा रंग कपाळावर पसरलेला. कातडीवर तेलकट चमक. पंजा बदलायला गेलं की मनगटाची खुंटी एकतर सैल नाहीतर इतकी घट्ट की मोडेल. आणि शेवटची खूण म्हणजे अंगावर कुठेतरी, बहुधा तळपायाखाली, मुंगीच्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं. सहकाऱ्याच्या र्‍यूचे तळवे गुळगुळीत होते. त्याला फारसं वाईट वाटलं नाही, त्यानं तो गाडीच्या डॅशबोर्डवर बसवला. तिथे तो ठीकच आहे.

खोका उघडल्यावर लगेच हातपाय फिरवायचे नाहीत. रंगवताना सांध्यात रंग जातो, सुकतो आणि दोन भाग चिकटून बसतात. अशा अडलेल्या गुडघ्याला जोर लावला की आतली खुंटी पिळवटून तुटते. गीझरच्या कडक पाण्यात एखादं मिनिट धरायचं किंवा हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची, मग हळूहळू, थोडं पुढे थोडं मागे करत सांधा मोकळा करायचा. उकळतं पाणी नको, त्यानं बारीक बोटं वाकडी होतात. उलट रोग म्हणजे सैल सांधा. त्यावर माझा इलाज पांढरा फेव्हिकॉल. सांध्याचा गोळा बाहेर काढायचा, पातळ थर द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग परत बसवायचा. जास्त झालं तर साल निघावी तसा तो सोलून निघतो, फिगरला काही होत नाही.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि माझे रविवार जातात ते यातच.

हादोकेन घ्या. सगळ्यांना वाटतं हात पुढे केले की झालं. आधी पाय. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला, आणि दोन्ही तळवे फळीला पूर्ण टेकलेले. घोट्याला आतबाहेर कलणारा सांधा असतो तो यासाठीच. तळव्याची एक कड जरी उचललेली राहिली तरी सगळा जोर खोटा वाटतो. मग धड. बहुतेक फोटोंमध्ये इथेच घोळ असतो, पाठ ताठ ठेवलेली असते. गेम थांबवून चित्र बघा. र्‍यू अख्खा पुढे लोटलेला असतो, डोकं गुडघ्याच्या रेषेपर्यंत आलेलं. म्हणून पोटाचा सांधा पुढे, त्यावर छातीचा सांधा आणखी पुढे. आता खांदे. छातीच्या आत दडलेला एक सांधा असतो, संग्राहक त्याला बटरफ्लाय जॉइंट म्हणतात. तो पुढे ओढल्याशिवाय दोन्ही मनगटं एकमेकांना भेटतच नाहीत. मग मुठी काढून उघडे पंजे लावायचे. एक पंजा वर, एक खाली, मनगटाला मनगट. या वेळी श्वास धरलेला असतो, कारण एवढ्यात धक्का लागला तर पायापासून पुन्हा सुरुवात. शेवटी मान. धड खाली गेल्यामुळे नजर जमिनीकडे गेलेली असते, ती उचलून समोरच्याच्या छातीवर आणायची.

आणि समोरचा? तो कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं. हादोकेन हे लांबून मारायचं अस्त्र आहे. दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवून हादोकेन मारणारा र्‍यू पार्लरमध्ये हमखास हरायचा, कारण समोरचा उडी मारून थेट डोक्यावर यायचा. म्हणून माझ्या फळीवर र्‍यू एका टोकाला आणि केन दुसऱ्या टोकाला, तोही जमिनीवर नाही, पारदर्शक स्टँडवर हवेत, लाथ पुढे. निळा गोळा त्याच्या पायाखालून निघून चाललाय. आता र्‍यूचं काही खरं नाही. गेम खेळलेला माणूस फळीकडे बघतो आणि म्हणतो, “गेला हा.” न खेळलेला म्हणतो, “एवढी रिकामी जागा का सोडलीय मधे?”

त्या रिकाम्या जागेमुळे माझा संग्रह लहान राहिला आहे. दोन फूट फळी आणि त्यावर दोनच माणसं. ओळखीतले एक गृहस्थ एवढ्या जागेत पंधरा-वीस जण दाटीवाटीनं उभे करतात, वर्गाच्या ग्रुप फोटोत असतात तसे. त्यांच्याकडे काय काय आहे ते लगेच दिसतं. माझ्याकडे काय चाललंय ते दिसतं. दोन्ही करता येत नाही, मी करून पाहायचा प्रयत्नही केलेला नाही.

इओरी आणि क्योचं अंतर वेगळं. ती भांडणं जवळून होतात. इओरीच्या विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यांपाशी एका पट्ट्यानं जोडलेले आहेत. गेममध्ये तो त्या पट्ट्यासकट पळतो, उड्या मारतो, कोणी प्रश्न विचारत नाही. फिगरमध्ये मात्र पाय जरा फाकवले की पट्टा ताणतो आणि माणूस मागे कलतो. त्यामुळे त्याला रुंद बैठक देता येत नाही. मग मी त्याला त्याच्या नेहमीच्या पवित्र्यात ठेवला, पाठीला पोक, एक हात लोंबता, एका पंजात जांभळी आग. क्यो त्याच्यापासून त्याच्याच हाताएवढ्या अंतरावर, नारिंगी ज्वाळा घेऊन. दोघांच्या पाठीवर घराण्याची चिन्हं आहेत, क्योच्या सूर्य आणि इओरीच्या चंद्रकोर. समोरासमोर उभे केले की पाठी दोन्हीकडच्या भिंतींकडे जातात आणि चिन्हं दिसेनाशी होतात. बायकोनं पावडरच्या डबीतला छोटा आरसा काढून इओरीच्या मागे तिरका टेकवला. चंद्रकोर दिसायला लागली. क्योच्या मागे आरसा नाही, आणि मावसभाऊ दर भेटीत त्याबद्दल बोलतो.

एकाच साच्यातून निघालेल्या जोड्यांची मजा आणखी वेगळी. पहिल्या मॉर्टल कोम्बॅटमध्ये, 1992 मध्ये, स्कॉर्पियन आणि सब-झिरो यांच्यासाठी डॅनियल पेसिना हा एकच नट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि कपड्यांचा रंग बदलून दोन योद्धे तयार झाले. खेळणी करणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडलं. साचा एक, पिवळा रंग मारला की स्कॉर्पियन, निळा मारला की सब-झिरो, हिरवा मारला की रेप्टाइल. यावर लोक कुरकुरतात, पण मला ते मूळ गेमशी प्रामाणिक वाटतं. 1992 च्याच स्ट्रीट फायटर 2 चॅम्पियन एडिशनपासून दोघांनाही एकच पात्र घेता यायला लागलं, दुसऱ्याचे कपडे वेगळ्या रंगाचे. आता कंपन्या ते ‘दुसऱ्या खेळाडूचे’ रंग खास आवृत्ती म्हणून विकतात. चुन-लीविरुद्ध चुन-ली ही फळी मुलीनं मागितली होती. ती झाली, आणि घरातली सगळ्यांत सुंदर फळी तीच आहे, हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

‘स्ट्रीट फायटर’मधला भारतीय लढवय्या धालसिम घेतला तेव्हा मला वाटलं होतं की मुलीला तो विचित्र वाटेल. गळ्यात कवट्या, हातपाय रबरासारखे लांबणारे, तोंडातून आग, परदेशी डोळ्यांना दिसलेला भारत. पण गेमच्या कथेत त्याला एक मुलगा आहे आणि त्याचं नाव दत्ता, एवढं एक कळल्यावर तिनं बाकी सगळं माफ केलं. आमच्याकडे त्याला धालसिम कोणी म्हणत नाही, ‘दत्ताचे बाबा’ म्हणतात. त्याचे लांबलेले हात वेगळे येतात, कोपरापासून काढून बसवावे लागतात, आणि मग वजन पुढे जाऊन तो तोंडावर पडतो. तळव्याखाली फोटो चिकटवायच्या मऊ पुट्टीचा मुगाएवढा गोळा ठेवला की उभा राहतो. त्याचा ठोसा अर्धी फळी ओलांडून जातो, त्यामुळे त्याच्यासमोर गाईल अगदी पलीकडच्या कडेला, गुडघा टेकून बसलेला. गाईल बसून वाट बघतो हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

पावसाळ्यात मात्र फळ्या बंद. आम्ही ठाण्यात राहतो, जूनपासून भिंतींना ओल. या फिगर्सचं बरंचसं अंग पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली रसायनं दमट, कोंदट हवेत हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि कातडी चिकट होते. त्यावर धूळ बसली की र्‍यूचा पांढरा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, करडा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाकून मऊ ब्रशनं धुतलं की चिकटपणा जातो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या. रंग उतरला की पुडी बदलायची. लांब अस्त्रं धरलेली किंवा एका पायावर उभी असलेली पात्रं या दिवसांत साधी उभी करून ठेवतो, कारण उकाड्यात मऊ घोटा वाकतो आणि सप्टेंबरपर्यंत माणूस तिरका होतो.

खोक्यांचा वाद अजून मिटलेला नाही. मावसभाऊ खोका जपणारा, मी फेकणारा. त्याचं म्हणणं, खोक्याशिवाय विकताना किंमत पडते. माझं म्हणणं, विकतोय कोण. माळ्यावर त्याच्या आग्रहाखातर काही खोके आहेत, बायकोनं त्यात दिवाळीच्या पणत्या ठेवल्यात. या डिसेंबरात तो झँगीफ आणणार आहे. खोका बॅगेत मावत नाही म्हणून मी लिहिलं, “खोका तिथेच टाक, माणूस मोज्यात गुंडाळून आण.” त्यावर त्यानं नुसता एक रडका चेहरा पाठवला, पण कबूल झाला. समोर कोण, हे मात्र बाकी आहे. झँगीफला पकडायला कोणीतरी हाताशी लागतं आणि तो एकदा जवळ आला की सुटका नाही, म्हणजे या वेळी फळीवर अंतर शून्य. मी गाईल म्हणतोय, तो धालसिमसमोरून मोकळा करता येईल. मुलगी म्हणते दत्ताच्या बाबांना एकटं ठेवायचं नाही, नियम तूच केलास.